दव न पडलेली जागा

१

८ जुलै २०२५, मंगळवार. रात्रभर पाऊस, सकाळी थोडी उघडीप. ताम्हिणीच्या बाजूचं आभाळ काळंच. गवत ओलं, म्हणून कापणी नाही.

पावसाळ्यात लॉन राखायचं म्हणजे निम्मं काम स्वतःचे हात आवरण्याचं. ओलं गवत कापलं की पातं चिरडतं, आणि चिरडलेल्या टोकातून बुरशी शिरते. पाणी साचेल तिथे सळईने भोकं पाडायची, लव्हाळा दिसला तर खालच्या गाठीसकट उपटायचा, बाकी वाट बघायची. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझी सगळी नोकरी उरवड्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. गवतातलं जे कळतं ते समीनाच्या आणि माझ्या चुकांमधून. पहिलं लॉन हुमणीने मुळं कुरतडून संपवलं. दुसरं मी युरिया जास्त टाकून जाळलं, त्यावरून ती वर्षभर मला 'भट्टीवाले' म्हणायची. तिसरं हे, घरामागचं, स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणाच्या करवंदीपर्यंत.

एप्रिलमध्ये दवाखान्यात जाताना समीना या दारात थांबली होती. म्हणाली, "मी येईपर्यंत पिवळं पडू देऊ नका."

मे महिन्यात आम्ही तिला ओढ्यापलीकडच्या कब्रस्तानात ठेवून आलो.

आज नोंद करण्यासारखं एकच आहे. लॉनच्या मधोमध, जिथे मी जूनमध्ये माती भरली होती, तिथे जमीन खाली बसली आहे.

२

त्या मातीबद्दल लिहून ठेवतो.

कच्ची कबर पहिल्या पावसाळ्यात खचते. आतल्या फळ्या ओल धरतात, माती खाली बसते आणि वर खड्डा पडतो. म्हणून दफनानंतर उरलेली माती कब्रस्तानाच्या भिंतीशी ढीग करून ठेवतात. खड्डा पडला की तीच वर घालायची. मुळशीच्या पावसाची मला धास्ती होती. जूनच्या सुरुवातीला मी लॉनच्या मधला एक तुकडा मुळांसकट कापून काढला, सतरंजीसारखा गुंडाळला आणि नेऊन समीनाच्या कबरीवर अंथरला. गवताने माती धरून ठेवावी, एवढाच विचार. तुकडा तिच्या बसण्याच्या जागेचा होता. दुपारी ती तिथे मेथी निवडत बसायची.

इकडे लॉनमध्ये खड्डा पडला. तो भरायला मी भिंतीजवळची ती उरलेली माती पोत्यांतून घरी आणली. माती चांगलीच होती, भुसभुशीत, खडा नसलेली. पण खरं कारण आमची मुलगी शिरीन होती.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मीला आत नेलं तेव्हा शिरीन फाटकाबाहेर उभी राहिली. आमची ती एकुलती एक. माणला खोली घेऊन राहते, तिथेच कंपनीत नोकरी. त्यानंतर दर रविवारी येऊन ती एकच विचारायची, "अब्बा, मी कुठे जाऊन बसू?"

मी तिला भरलेली जागा दाखवली. म्हटलं, ही माती तिथलीच आहे. ती चप्पल काढून गेली, खाली बसली, तळहात मातीवर टेकवला आणि मे महिन्यापासून पहिल्यांदा रडली.

त्या जागेवर मी नवीन गवत लावलं. ते पटकन धरलं, इतर लॉनपेक्षा दाट आलं.

३

३ ऑगस्ट, रविवार. सरींवर सरी. वारा नाही.

खचलेली जागा लाल मातीने भरतो, वरून चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू पसरतो, गवत पुन्हा बसवतो. काही दिवस ठीक राहतं, मग परत खाली जातं. आधी ते परातीएवढं होतं. आता लांबट आहे, उत्तर-दक्षिण.

मी कारणं एकेक करून तपासली. हुमणी असेल म्हणून गवत उचलून पाहिलं. एकही अळी नाही. घूस असेल तर बीळ लागतं, बीळ नाही. पाण्याने माती खालून वाहत असेल म्हणावं तर लॉनचा उतार दुसरीकडे. भर टाकलेली माती बसणारच, हे शेवटी स्वतःला सांगितलं आणि घरात आलो. एवढ्यावर झोप यायला हवी होती.

कापलेलं गवत आमच्या शेजारच्या धोंडाबाई म्हशीला नेतात. त्यांच्या घरातल्यांनी बरीचशी जमीन विकली, म्हैस मात्र ठेवली. माझ्या या उद्योगावर त्यांचा राग जुना आहे.

"नौशादभाऊ, गवत वाढवायचं, कापायचं, परत वाढवायचं. त्यापरीस म्हस पाळा की. दूध तरी दील."

"तुमची आहे की."

"हाय. पर ती बी आता तुमच्यावर रुसलीया." त्यांनी पाटी माझ्यासमोर उपडी केली. "कडंचं खाल्लं. ह्ये मधलं नुसतं हुंगलं आन मागं सरली. दावं तोडाय निगाली. काय मारलंयसा ह्याच्यावर?"

"काही नाही मारलं."

"न्हाई म्हनू नगा. जनावर खोटं बोलत न्हाई."

त्या गेल्यावर मी ते गवत हातात घेऊन वास घेतला. कापलेल्या गवतालाच येतो तो वास.

संध्याकाळी कब्रस्तानात गेलो. तिथली कामं पीरमहंमदचाचा बघतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघत. पावसात आजूबाजूच्या नव्या कबरी सगळ्या खचल्या होत्या. समीनाची खचली नव्हती. वर माझं गवत, सपाट, जसं अंथरलं तसं.

"गवतानं धरली," मी म्हटलं.

"गवत वरनं धरतंय. खालनं कोन धरनार?" चाचा कुदळीला टेकून उभे होते. "माझ्या हातानं लई पुरल्या. न खचलेली ही पैली." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "हिची राहिल्याली माती तू नेलीस व्हय?"

"हो. घरी."

"परत आन."

"का?"

"का ते मला ठावं न्हाई. माझ्या बापालाबी न्हवतं. निघाल्याली माती तितल्या तितंच जाती, एवडंच सांगितल्यालं हाय."

मी मान डोलावली. कारण माहीत नसलेला नियम मला कधी पटलेला नाही. आणि माती परत नेली असती तर शिरीन कुठे बसली असती?

४

११ नोव्हेंबर, मंगळवार. आभाळ निरभ्र, पहाटे चांगली थंडी. या हंगामातलं पहिलं भरपूर दव.

दव हा लॉनचा आरसा आहे. चालत गेलेलं मांजरसुद्धा त्यात दिसतं. उजाडताना मी मागचं दार उघडलं तेव्हा सगळं लॉन पांढरं झालं होतं. मध्ये एक जागा हिरवीगार होती. तिथे दव पडलंच नव्हतं.

जवळ जाऊन वाकलो. जागा माणसाच्या लांबीची. एका बाजूला, पश्चिमेला, गुडघे थोडे दुमडावेत तसा फुगवटा. गवत चेपलेलं. हात ठेवला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाइतकी ऊब होती.

शेणखत कुजताना गरम होतं, हे मी स्वतःला सांगितलं. गरम जमिनीवर दव धरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिडकीत उभा राहिलो. प्रकाश आला तेव्हा जागा दिसली, कोरडी, चेपलेली, रिकामी. मी बघत होतो आणि गवत उभं राहायला लागलं. आधी उत्तरेच्या टोकाला, जिथे डोकं असेल तिथलं. मग खांद्याएवढ्या रुंदीचं. मग कमरेजवळचं. पाती एकेक करून सरळ होत होती, वजन उतरल्यावर होतात तशी. दिवाणावरून उठताना समीना आधी कोपरावर यायची, थोडी थांबायची, मग बसायची. गवतही मध्ये तेवढंच थांबलं.

मग त्या जागेच्या आणि दाराच्या मधल्या दवात एक काळी रेघ उमटली. पावलाएवढी. तिच्यापुढे आणखी एक.

पुढे काही उमटलं नाही. ऊन आलं, दव उडालं.

मी तेवढा वेळ दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होतो. कडी काढली नाही.

त्याच्या पुढच्या पहाटे मी दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो. पावलं तेवढीच आली. मी तिला हाकही मारली, पण हळू, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून मी खड्डा भरणं बंद केलं.

५

१६ नोव्हेंबर, रविवार. स्वच्छ ऊन, दुपारी उबदार.

शिरीन आली. जेवणानंतर लॉनवर गेली आणि तिथूनच ओरडली, "अब्बा, इथे कोण लोळतं? तुमचं वजन वाढलंय."

"वाढलं असेल."

"भट्टीवाले म्हातारे झाले." ती हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो.

तिला मे महिन्यापासून झोप नाही. गोळ्या घेऊन झाल्या. डोळ्यांखाली काळं असतं आणि बोलता बोलता शब्द विसरते. त्या दुपारी ती खचलेल्या जागेच्या पूर्वेला, अगदी कडेशी लागून आडवी झाली, तोंड कुंपणाकडे करून. चेहऱ्यावर ओढणी घेतली. मी चहाला हाक मारायला गेलो तेव्हा ती इतकी गाढ झोपली होती की हाक मारवली नाही. मनात म्हटलं, झोपू दे. पोरीला झोप लागली.

ऊन गेल्यावर ती उठून आत आली. गालावर गवताचे वळ होते.

"किती छान झोपले. मधे तुम्ही पाठीवर हात ठेवलात ना? लहानपणी ठेवायची अम्मी तसा."

मी घरातच होतो. दुपारभर दाराबाहेर आलो नव्हतो, तिला हाक मारायला गेलो तेवढं सोडून, आणि तेव्हाही लांबूनच परतलो होतो.

"हो," मी म्हटलं.

६

१९ नोव्हेंबर, बुधवार. थंडी, दाट दव.

सोमवारी शिरीनचा फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. मंगळवारीही नाही. संध्याकाळी मी स्कूटर काढून माणला निघणार तेवढ्यात तिचाच आला.

"अब्बा, मी झोपले होते."

"कधीपासून?"

"इथे आले तेव्हापासून बहुतेक. ऑफिसचे फोन येऊन गेलेत, मला ऐकूच नाही आले." आवाज जड होता, पण त्यात त्रास नव्हता, आणि मला भीती त्याचीच वाटली. "पाठीला ओल लागते सारखी. गादी कोरडी आहे, मी हात लावून बघितली. अब्बा, मी उद्या येऊ? तिथेच झोपावंसं वाटतंय."

"येऊ नकोस."

"का?"

मला कारण सांगता आलं नाही. चाचांसारखंच झालं माझं.

आज पहाटे दार उघडलं. लॉन पांढरं होतं आणि त्यात कोरड्या जागा दोन होत्या.

दुसरी पूर्वेला, पहिलीला लागून, तिच्यापेक्षा थोडी लहान. शिरीन जिथे झोपली होती तिथेच. जमीन तिथेही बसायला लागली होती. तिथे मी कधीच माती भरलेली नाही.

आम्ही मयताला उजव्या कुशीवर, पश्चिमेकडे तोंड करून ठेवतो. समीनाला खाली उतरून मी स्वतः तसं ठेवलं होतं. आत्तापर्यंत गवतातले गुडघे पश्चिमेलाच असायचे. आज ते पूर्वेकडे होते. तिने कूस बदलली होती. आणि मोठ्या जागेपासून निघून लहान जागेवरून आडवी गेलेली एक कोरडी पट्टी होती, हाताएवढी रुंद, टोकाशी थोडी पसरलेली.

शिरीन लहान असताना समीना अशीच झोपायची. पोरीला कुशीत घेऊन, हात तिच्यावर टाकून, तिने रात्री पलंगावरून पडू नये म्हणून.

मी बराच वेळ तिथे बसलो. रागाने बसलो नव्हतो. तिला मी म्हटलं, "मला बोलावलं असतंस तर मी आलो असतो. तिला नको."

मग कुदळ आणि पोती आणायला गेलो.

७

त्याच दिवशी. ऊन कडक, जमीन वरून कोरडी.

किती खणायचं हा प्रश्न नव्हता. लॉनची मूळ माती तांबडी आहे, तिथली काळपट. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. वरचं गवत बाजूला ठेवलं आणि काळपट माती खरवडून खरवडून पोत्यांत भरली. मुळांना चिकटलेली झटकून घेतली. मातीत काहीही नव्हतं. ती गरम होती, एवढंच.

पोती स्कूटरवर पुढे ठेवून नेत होतो. शेवटचं बांधत असताना फाटकाशी गाडी थांबली. शिरीन उतरली, घरच्याच कपड्यांत, केस न विंचरलेली. खड्डा पाहून ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय करताय तुम्ही?"

"माती परत नेतोय."

"माझी माती आहे ती. मला दिली होती तुम्ही."

"दिली होती."

"तुम्ही तिला दुसऱ्यांदा नेताय अब्बा. आणि या वेळी तर ती स्वतःहून आली होती." म्हणजे तिला ठाऊक होतं. "तो हात तुमचा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा हात खरखरीत आहे."

"शिरीन, तू दोन दिवस उठली नाहीस."

"मला उठायचं नव्हतं."

"मला कळतं ते."

"नाही कळत."

"या दारात मी रोज पहाटे बसलोय. कळतं." मी सुतळीचं टोक शोधलं. "तिला तू जवळ हवी आहेस. मलाही. पण मला तू उठलेली हवी आहेस."

पोत्याचं तोंड मी सुतळीने बांधलं. ती पुढे आली, माझा हात बाजूला केला आणि पोतं स्वतः उचललं. स्कूटरवर मागे बसून तिने ते मांडीवर धरलं, लहान मूल धरावं तसं दोन्ही हातांनी.

कब्रस्तानाच्या फाटकाशी ती उतरली आणि थांबली. सवयीने. पीरमहंमदचाचा आतच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं.

"मी वड्यावर हात धुवून येतो," ते मला म्हणाले. "गुडगं दुखत्यात माजं. यायला येळ लागंल."

ते आमच्याजवळून खाली मान घालून निघून गेले.

शिरीन आत आली. अम्मीची कबर मला दाखवावी लागली नाही. आजूबाजूच्या कबरी मातीच्या, हिची हिरवी. माझं गवत न कापल्यामुळे उंच वाढून एका बाजूला कललं होतं, आणि कडेला लव्हाळ्याचा एक कोंब आला होता. ती खाली बसली, बोटं मातीत घातली आणि तो गाठीसकट उपटला. मग ओंजळीने माती काढून भिंतीशी ढिगावर घालू लागली. पोतं उलटं करू देईना.

"पिवळं नाही पडू दिलं अब्बांनी," ती गवताला म्हणाली. "बघितलंस ना?"

चाचा यायला खरंच खूप वेळ लागला.

८

१४ डिसेंबर, रविवार. आभाळ स्वच्छ. कडाक्याची थंडी, दाट दव.

समीनाची कबर गेल्या महिन्यात माती परत नेली त्याच रात्री वीतभर खचली. भिंतीजवळची माती चाचांनी आणि मी तिच्यात घातली. सगळी लागली, उरली नाही.

लॉनचा खड्डा तांबड्या मातीने भरला, कडेचं गवत आणून लावलं, रोलर फिरवला. ते धरलं आहे. काल त्याची पहिली कापणी केली. धोंडाबाईंच्या म्हशीने पाटी रिकामी केली.

शिरीन रोज कामावर जाते. झोप पुन्हा येत नाही म्हणाली.

आज पहाटे मी दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो होतो. दव सगळीकडे सारखं पडलं होतं.